एंडोथेलिन: किडनीतला चावीवाला

मुंबईत नळाला पाणी येतं ते चावीवाल्याच्या हातून. भांडुपला शुद्ध झालेलं पाणी मलबार हिल, भंडारवाडा अशा टेकड्यांवरच्या जलाशयांत साठतं आणि तिथून कुठल्या गल्लीला किती वाजता, किती वेळ पाणी सोडायचं ते पालिकेचे चावीवाले रस्त्याखालच्या झडपा फिरवून ठरवतात. वरून येणारं पाणी तेच, पण एका चाळीत हंडे भरतात आणि पलीकडच्या चाळीत नळातून नुसती हवा येते.

किडनीचा कारभार बराचसा असाच आहे. दोन्ही किडन्यांचं वजन मिळून जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला एक लिटरच्या आसपास रक्त, या दोघी घेतात. त्यातून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात ओढलं जातं. कुठल्या भागाला किती रक्त द्यायचं, कुठे दाब वाढवायचा, मीठ किती ठेवायचं नि किती सोडायचं, हे ठरवायला किडनीत अनेक रसायनं कामाला असतात. अँजिओटेन्सिनचं नाव बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या अनेकांनी ऐकलेलं असतं. एंडोथेलिनचं नाव मात्र डॉक्टरच्या केबिनबाहेर फारसं कानावर येत नाही. आता त्याच्यावर चालणारी औषधं किडनीच्या आजारांत वापरात येऊ लागली आहेत, त्यामुळे हा गडी नेमकं काय करतो ते समजून घेतलेलं बरं.

रक्तवाहिनीला आतून एका पेशीइतक्या जाडीचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. हे अस्तर वाहिनी सैल करणारा एक पदार्थ बनवतं हे १९८० मध्ये कळलं होतं आणि तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू निघाला. मग आवळणारा पदार्थही तिथेच बनत असेल का, या प्रश्नाचं उत्तर १९८८ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातून आलं. मासाशी यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीच्या अस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्या ज्या द्रवात वाढत होत्या त्यातून हा रेणू वेगळा काढला. अवघ्या २१ अमिनो आम्लांची ही साखळी दोन ठिकाणी गंधकाच्या टाक्यांनी स्वतःलाच बांधलेली असते. शरीरात ती एकदम तयार होत नाही. आधी लांबलचक प्रथिन बनतं, त्यातून ३८ अमिनो आम्लांचा ‘बिग एंडोथेलिन’ कापला जातो आणि शेवटी एक विकर (एन्झाइम) त्याचे २१ आणि १७ असे दोन तुकडे करतं. २१चा तुकडा कामाचा.

गंमत म्हणजे मध्यपूर्वेतल्या, जमिनीखाली राहणाऱ्या एका सापाच्या विषातही जवळजवळ असाच रेणू सापडतो. तो चावला की हृदयाच्या वाहिन्या आवळल्या जातात. सापाने जे विष म्हणून बाळगलं, ते आपल्या प्रत्येकाच्या अंगात अगदी बारीक मात्रेत रोज बनत असतं.

एंडोथेलिन हे तीन भावांचं मिळून नाव आहे. किडनीच्या बाबतीत बोलायचं ते पहिल्याबद्दल, एंडोथेलिन-१ बद्दल. तो चावीवाल्यासारखा आहे, कारण त्याचं काम गल्लीपुरतं असतं. इन्सुलिन किंवा थायरॉइडचं संप्रेरक एका ठिकाणी बनून रक्तातून गावभर फिरतं. एंडोथेलिन पेशीतून बाहेर पडतो तो मुख्यतः रक्ताच्या उलट बाजूला, वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूकडे. रक्तात जो थोडा उतरतो तो काही मिनिटांत उचलला जातो. म्हणूनच ‘रक्तातलं एंडोथेलिन तपासून द्या’ असं लॅबला सांगण्यात अर्थ नाही. संशोधनात ती मोजणी होते, पण तुमच्या किडनीत काय चाललंय ते त्या आकड्यावरून कळत नाही. जलाशयाची पातळी बघून तुमच्या मजल्यावर पाणी चढतंय का ते सांगता येईल का?

शरीरात एंडोथेलिनचं प्रमाण सर्वांत जास्त कुठे असेल, तर किडनीच्या आतल्या गाभ्यात. हृदयात किंवा मेंदूत नव्हे. निसर्गाने हे उगाच केलेलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. एंडोथेलिनला पेशीवर दोन प्रकारची दारं आहेत, ए आणि बी. शास्त्रीय भाषेत हे रिसेप्टर, इथे दारच म्हणू. ए दार मुख्यतः वाहिनीच्या स्नायूवर असतं. तिथे एंडोथेलिन शिरला की स्नायू आवळतो, आणि एकदा चिकटला की लवकर सुटत नाही. रक्तातून तो पाच-सात मिनिटांत नाहीसा होतो, पण आवळ तासभर टिकू शकते. बी दार अस्तराच्या पेशीवर असतं आणि तिथून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, म्हणजे वाहिनी सैल होते. प्रयोगशाळेत उंदराला एंडोथेलिन टोचलं तर बीपी आधी क्षणभर खाली येतं आणि मग चढून बराच वेळ वर राहतं. दोन्ही दारं एकामागून एक उघडलेली त्यात दिसतात.

किडनीत बी दाराला आणखी एक मोठं काम आहे. गाळलेलं पाणी शेवटी ज्या नळ्यांतून जातं, त्या संकलन नलिकांच्या भिंतीवर मीठ परत आत ओढणाऱ्या खिडक्या असतात. त्या नलिकांच्या पेशी स्वतःच एंडोथेलिन बनवतात, तो त्यांच्याच बी दारावर बसतो आणि खिडक्या मिटतात. मीठ लघवीत जातं, मागोमाग पाणी. जेवणात मीठ जास्त झालं की हा मार्ग जोरात चालतो. ज्या उंदरांच्या फक्त संकलन नलिकांतून एंडोथेलिन-१ काढून टाकलं, त्यांचं बीपी वाढलं आणि मिठाचा आहार दिल्यावर ते आणखी चढलं. म्हणजे जो रेणू वाहिन्या आवळून बीपी वाढवतो म्हणून प्रसिद्ध, तोच किडनीत राहून मीठ बाहेर टाकतो आणि बीपी आटोक्यात ठेवतो. बी दारं शिल्लक एंडोथेलिन उचलून नष्ट करण्याचंही काम करतात.

तेव्हा एंडोथेलिनला खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही. आणि ज्यांनी ठरवलं, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. त्याकडे येऊच.

बिघडतं ते असं. मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, अँजिओटेन्सिन वाढला, पेशींना प्राणवायू कमी पडला, रक्तातलं आम्ल वाढलं, यातलं काहीही झालं की किडनीतल्या पेशी जास्त एंडोथेलिन बनवू लागतात आणि ए दारावर गर्दी होते. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या, आणि प्रत्येक गाळणीत केशवाहिन्यांचा एक गुच्छ. त्यात रक्त आणणारी आणि नेणारी, दोन्ही वाहिन्या आवळल्या जातात. गुच्छाला आधार देणाऱ्या पेशी आकसतात आणि आपल्याभोवती चिकट जाळं साठवू लागतात. गाळणीवर बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशींचे पाय एकमेकांत गुंतलेले असतात. हाताची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे. एंडोथेलिनमुळे या पेशींचा आतला सांगाडा ढिला पडतो, बोटं आखडतात, फटी रुंदावतात. शिवाय पोडोसाइट एक विकर सोडतात, ते केशवाहिनीच्या आतल्या बाजूचा साखरेचा बुळबुळीत थर कुरतडतं. अल्ब्युमिन हे प्रथिन एरवी रक्तातच राहतं, ते आता लघवीत उतरतं.

तिथे ते थांबत नाही. खालच्या नळीतल्या पेशी हे गळलेलं अल्ब्युमिन परत उचलायला धावतात, त्या ओझ्याने थकतात आणि त्याही एंडोथेलिन बनवायला लागतात. मग आजूबाजूला सूज, सुजेतून व्रण, व्रणामुळे बारीक वाहिन्या दबलेल्या, आणि प्राणवायू आणखी कमी. म्हणून लघवीतून जाणारं प्रोटीन हे नुकसानीची खूण तर असतंच, ते पुढचं नुकसानही करत असतं. डॉक्टर त्याच्या मागे लागतात ते यासाठी.

ते मोजायची तपासणी साधी आहे: लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी (स्नायूंतून येणारा, किडनीवाटे बाहेर पडणारा कचरा) प्रमाण, लॅबच्या भाषेत युरिन एसीआर. सकाळची पहिली लघवी द्यावी. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३००च्या वर म्हणजे बरीच. रिपोर्टचं एकक जरूर बघा. मिलिग्रॅम प्रति मिलिमोल असेल तर हेच आकडे साधारण ३ आणि ३० होतात, आणि ‘२८ म्हणजे नॉर्मल’ असा घोटाळा तिथेच होतो. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम असेल तर आकडा फुगतो. एका रिपोर्टवर घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा वाढलेला आला तर तो खरा. नुसतं रक्तातलं क्रिएटिनिन तपासून ‘किडनी उत्तम आहे’ असं समजणारे मधुमेही पुष्कळ असतात. क्रिएटिनिन हलायला लागतं तोवर गळती कितीतरी वर्षं जुनी झालेली असू शकते.

आता औषधं. ए दार बंद केलं तर हे सगळं चक्र मोडेल, हा विचार सरळ होता. अशी औषधं आधीपासून होती. बोसेंटान २००१ मध्ये फुप्फुसातल्या वाहिन्यांच्या उच्च दाबासाठी आलं, पुढे त्याच आजारासाठी अँब्रिसेंटान आणि मॅसिटेंटान. किडनीसाठी पहिला मोठा प्रयोग अॅव्होसेंटानचा झाला. मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या १३९२ रुग्णांना रोज २५ किंवा ५० मिलिग्रॅमची गोळी किंवा नुसती बिनऔषधी गोळी दिली. लघवीतलं अल्ब्युमिन औषध घेणाऱ्यांत ४४ ते ४९ टक्क्यांनी उतरलं. रिपोर्टवर यापेक्षा चांगलं काय हवं? पण साधारण चार महिन्यांत चाचणी बंद करावी लागली. रुग्णांच्या अंगात पाणी साठत होतं आणि हृदय निकामी होण्याच्या घटना वाढल्या होत्या.

का, ते वर आलंच आहे. त्या मात्रेत औषध ए दाराबरोबर बी दारालाही अडवत असावं, आणि मीठ बाहेर टाकणारी वाट बंद होत असावी. पाणी साठायला ए दार अडवणंही काही अंशी कारणीभूत असावं, कारण वाहिन्या सैलावल्या की द्रव ऊतींत उतरतो आणि किडनी ‘रक्त कमी पडलं’ असं समजून मीठ धरून ठेवते. अंगावर येणारी ही सूज म्हणजे गोळीच्या मूळ कामाचीच दुसरी बाजू आहे, त्यामुळे ती उपटून फेकता येत नाही. मात्रा, रुग्णाची निवड आणि लक्ष, एवढंच आपल्या हातात.

सोनार या पुढच्या चाचणीने हाच धडा वापरला. औषध अॅट्रासेंटान, मात्रा फक्त ०.७५ मिलिग्रॅम. आधी सगळ्यांना सहा आठवडे ते देऊन पाहिलं. ज्यांचं अल्ब्युमिन किमान ३० टक्क्यांनी उतरलं आणि अंगावर फारसं पाणी चढलं नाही, अशा २६४८ जणांची मुख्य तुलना केली. २०१९ मध्ये निकाल आला. क्रिएटिनिन दुप्पट होणं किंवा किडनी पूर्ण निकामी होणं हे औषध घेणाऱ्या १३२५ जणांपैकी ७९ जणांना झालं, न घेणाऱ्या १३२३ पैकी १०५ जणांना. ‘धोका ३५ टक्क्यांनी कमी’ असं हे सांगितलं जातं आणि ते खोटं नाही, पण शंभर रुग्णांचा हिशेब मांडला तर दोनेक वर्षांत जवळपास दोघांचं संकट टळलं असा त्याचा अर्थ. त्याच चाचणीत हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं ते औषधाच्या गटात ४७ जणांना, दुसऱ्या गटात ३४ जणांना. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, तरी ज्याचं हृदय आधीच दुबळं आहे त्याला ही गोळी सुचवण्याआधी डॉक्टर दहादा विचार करतील, आणि करायलाच हवा.

दुसरी युक्ती जोडीची. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी लघवीवाटे साखर आणि थोडं मीठ बाहेर काढते. तिच्याबरोबर ए दार अडवणारं झिबोटेंटान अगदी कमी मात्रेत, ०.२५ मिलिग्रॅम, दिलं तेव्हा एकट्या डापाग्लिफ्लोझिनपेक्षा अल्ब्युमिन आणखी सुमारे २७ टक्क्यांनी उतरलं आणि पाणी साठण्याचं प्रमाण जवळजवळ तेवढंच राहिलं. मात्रा १.५ मिलिग्रॅम केली तेव्हा अल्ब्युमिन थोडंच जास्त उतरलं, पाणी साठणं मात्र दुपटीहून जास्त झालं.

मान्यता आधी मिळाली ती मधुमेहाच्या किडनीविकाराला नाही, आयजीए नेफ्रोपथीला. या आजारात आपलीच प्रतिपिंडं गाळणीत साचतात. घसा दुखू लागला की एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी होते, तरुणपणीच सुरुवात होते, आणि आशियाई लोकांत हा बराच आढळतो. त्यासाठी स्पार्सेंटान या गोळीला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये तात्पुरती आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण मान्यता दिली. ही एकच गोळी एंडोथेलिनचं ए दार आणि अँजिओटेन्सिनचं दार, दोन्ही अडवते. ३६ आठवड्यांत लघवीतलं प्रोटीन तिने जवळपास निम्म्यावर आणलं, तुलनेतल्या इर्बेसार्टान या बीपीच्या गोळीने १५ टक्क्यांनी कमी केलं. तिच्यासोबत टेल्मिसार्टान, लोसार्टान असली, अँजिओटेन्सिनचंच दार अडवणारी ‘सार्टान’ गोळी चालू ठेवायची नसते, नाहीतर बीपी खूप खाली जातं आणि पोटॅशियम वर. अॅट्रासेंटानला याच आजारासाठी एप्रिल २०२५ मध्ये मान्यता मिळाली. हट्टी उच्च रक्तदाबासाठी अॅप्रोसिटेंटान मार्च २०२४ मध्ये.

बोसेंटान आणि अँब्रिसेंटान मुंबईत मिळतात, म्हणून कुणी ‘किडनीसाठी हेच घेऊ का’ असं विचारू लागलं तर उत्तर ‘नाही’ असं आहे. बोसेंटान दोन्ही दारं अडवतं, यकृताला त्रास देतं म्हणून दर महिन्याला लिव्हरच्या तपासण्या लागतात, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनबरोबर किंवा मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइडबरोबर चालत नाही, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा जोर कमी करतं. हे शेवटचं फार गंभीर आहे, कारण या गटातली औषधं गर्भाला घातक आहेत. गर्भाचा चेहरा, जबडा आणि हृदय घडताना एंडोथेलिन लागतो. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ही औषधं देताना गर्भ नसल्याची तपासणी आणि खात्रीची गर्भनिरोधक पद्धत, दोन्ही हवं. औषध बंद केल्यावरही काही आठवडे ती पद्धत सोडायची नाही.

सगळं अडवलं की भलं होईल या समजुतीला आणखी एक तडाखा बसलेला आहे. अँजिओग्राफीत वापरतात त्या रंगद्रव्याने किडनीत एंडोथेलिन वाढतो, म्हणून एका चाचणीत रुग्णांना आधीच दोन्ही दारं बंद करणारं औषध दिलं. किडनीचं नुकसान कमी होण्याऐवजी वाढलं.

समजा किडनीतज्ज्ञाने विचार करून यातलं एखादं औषध सुरू केलं. मग घरातलं सर्वांत महत्त्वाचं उपकरण म्हणजे वजनकाटा. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करायचं. काटा लादीवर ठेवायचा, चटईवर नाही. चटईवर तो चुकीचं दाखवतो. आकडा कॅलेंडरवर लिहायचा. पाणी साठायचं असेल तर बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच साठतं. दोन-तीन दिवसांत एक-दीड किलो, किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरला फोन करायचा. वजन संध्याकाळी करू नका. चर्चगेटपासून विरारपर्यंत उभ्याने आलेल्या माणसाचे घोटे एरवीही सुजलेले असतात, त्यावरून काही कळत नाही. सकाळी उठल्यावर नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतोय का, चप्पल घट्ट होतेय का, झोपताना एकाऐवजी दोन उशा लागू लागल्यात का, हे बघायचं. बीपीसाठी अम्लोडिपिन घेणाऱ्यांना त्या गोळीनेही घोट्याला सूज येते, पण तिने वजन सहसा एवढं वाढत नाही. मे आणि ऑक्टोबरच्या घामात उलटं होतं. पाणी साठत असूनही काटा गप्प राहू शकतो, म्हणून त्या महिन्यांत पायाकडे जास्त लक्ष.

हिमोग्लोबिन अर्ध्या ते एक ग्रॅमने उतरतं. रक्त पातळ झाल्याने ते दिसतं, रक्त गेलं म्हणून नाही. तेवढ्यावरून मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करू नयेत.

मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमीच, आणि त्यात सगळं आलं: आमटी, पाव, लोणचं, पापड, फरसाण. सुकट आणि सुके बोंबील धुऊन घेतले तरी खारटच असतात. या औषधांवर असताना मीठ वाढलं की सूज वाढते, आणि सार्टान गोळ्यांचा लघवीतलं प्रोटीन कमी करण्याचा गुणही मंदावतो. ‘लो सोडियम’ म्हणून विकतात त्या मिठात पोटॅशियम असतं. किडनी आधीच कमजोर असेल तर ते डॉक्टरला विचारल्याशिवाय घरात आणू नये.

आणि अंगदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक यांतली कुठलीही. किडनीत आवळणाऱ्यांच्या विरुद्ध प्रोस्टाग्लँडिन नावाची सैल करणारी रसायनं काम करत असतात, ही गोळी नेमकी त्यांनाच बंद पाडते. आवळणारे तेवढे शिल्लक राहतात. त्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असेल, जे मुंबईच्या पावसाळ्यात नवीन नाही, तर एका आठवड्यात क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. अशा दिवसांत बीपीची, लघवी वाढवणारी आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी थोडे दिवस थांबवायची का, हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरला विचारून कागदावर लिहून ठेवावं, आणि तो कागद औषधांच्या डब्यातच ठेवावा.